प्रकाश, पृष्ठभाग आणि पाण्यातले धातू: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडचे प्लेटिंगवाले, सराफ बाजारातले कारागीर, निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी प्रकाश आणि एका बारीक पुडीच्या मदतीने पाण्यातले विरघळलेले धातू काढण्याच्या पद्धतीवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांची पहिली चौकशी दिव्याची असते: कोणता घ्यायचा, किती वॅटचा, कुठे मिळतो. माझं मत असं की सुरुवात पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) मोजण्यापासून करावी. धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, पुडीच्या पृष्ठभागावर बसतो की नाही हे पीएच ठरवतो, आणि तो बसला नाही तर प्रकाशाचा फारसा उपयोग होत नाही.

ही प्रक्रिया नेमकी काय आहे?

पाण्यात विरघळलेला धातू आयनाच्या रूपात असतो, म्हणजे त्याच्यावर विद्युतभार असतो. अशा पाण्यात अर्धवाहकाची (सेमीकंडक्टरची) बारीक पूड, बहुधा टिटॅनियम डायऑक्साइड, घालून ढवळली की काही आयन तिच्या कणांवर चिकटतात. हे अधिशोषण. मग पुडीवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की तिच्यातला एक इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जातो. तो पृष्ठभागापर्यंत पोचला आणि तिथे धातूचा आयन बसलेला असला, तर आयन तो इलेक्ट्रॉन घेतो. हे क्षपण. चांदीच्या आयनाची धातुरूप चांदी होते. विषारी क्रोमियम-६ चं बरंच कमी विषारी क्रोमियम-३ होतं.

इलेक्ट्रॉन गेला त्या जागी खालच्या पट्ट्यात एक रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. तिचाही निकाल लावावा लागतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

टिटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड आणि प्रकाश यांच्या जोडीने पाण्याचं विघटन होतं, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं आणि या क्षेत्राकडे जगाचं लक्ष गेलं. १९७८ मध्ये क्रॉइट्लर आणि बार्ड यांनी याच पुडीवर प्रकाशाच्या मदतीने प्लॅटिनमचे कण बसवले. धातू पाण्यातून काढण्याचा आणि पुडीवर मुद्दाम बसवण्याचा मार्ग एकच आहे. हेतू तेवढे वेगळे.

नुसतं अधिशोषण पुरेसं नाही का? प्रकाश कशाला?

काही ठिकाणी पुरेसं असतं. अधिशोषण अंधारातही होतं, वीज लागत नाही. पण त्याला मर्यादा आहे. पी-२५ या नावाने मिळणाऱ्या टिटॅनियम डायऑक्साइडच्या पुडीचा पृष्ठभाग ग्रॅममागे साधारण ५० चौरस मीटर असतो, म्हणजे सिडकोतल्या एखाद्या वन बीएचके फ्लॅटएवढा. ऐकायला हे खूप वाटतं. तरी प्रत्यक्षात एक ग्रॅम पुडीवर धातू बसतो तो काही मिलीग्रामच. जागा भरल्या की संपलं. लँगम्यूरचं समीकरण हेच सांगतं: पाण्यातलं प्रमाण वाढवत नेलं तरी एका मर्यादेनंतर पृष्ठभागावरचं प्रमाण वाढत नाही.

दुसरी अडचण अशी की नुसता चिकटलेला आयन पीएच बदलला की सुटून परत पाण्यात येतो, आणि तोही मूळच्याच रूपात. क्रोमियम-६ चिकटलं तरी ते क्रोमियम-६ च राहतं. प्रकाशाने त्याचं रूप बदलतं.

पीएचवर इतका भर का?

टिटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर हायड्रॉक्सिल गटांचा थर असतो. पीएच साधारण ६ ते ६.५ असताना या पृष्ठभागावरचा एकूण भार शून्य असतो. पाणी त्याहून आम्लधर्मी असेल तर पृष्ठभाग धन होतो, अल्कधर्मी असेल तर ऋण. यावरून कोण जवळ येईल ते ठरतं.

क्रोमियम-६ पाण्यात क्रोमेट किंवा डायक्रोमेट म्हणून, म्हणजे ऋण आयन म्हणून राहतं. त्याला धन पृष्ठभाग हवा, म्हणून पीएच २ ते ३. शिवाय त्याच्या क्षपणात हायड्रोजन आयन खर्च होतात: एका डायक्रोमेटला चौदा. त्यामुळे आम्ल असलं की दोन्ही बाजूंनी फायदा. पीएच ८ वर हाच प्रयोग केला तर पुडीवर क्रोमेट फारसं बसत नाही आणि तासन्‌तास दिवा लावूनही पाणी पिवळंच राहतं.

तांबं, शिसं, चांदी, जस्त यांचे आयन धनभारित असतात, म्हणून त्यांचं उलट असतं. आम्लात त्यांना पृष्ठभाग दूर लोटतो. पीएच वाढवला की ते बसतात. पण फार वाढवला तर तांबं, शिसं, जस्त हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात, आणि आपण ते अधिशोषण समजून आकडा लिहून मोकळे होतो. विद्यार्थ्यांच्या अहवालांत ही गफलत वारंवार दिसते. पूड न घालता, त्याच पीएचला तेवढंच द्रावण बाजूला ठेवून बघितलं की ती लगेच उघडी पडते.

भाराशिवायही एक गोष्ट आहे. काही आयन नुसत्या विद्युत आकर्षणाने जवळ थांबतात. काही पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी प्रत्यक्ष बंध करतात. दुसऱ्या प्रकारचे पक्के बसतात आणि प्रतिकूल भार असतानाही थोडेफार टिकतात. शिसं त्यातलं.

कोणते धातू प्रकाशाने क्षपित होतात आणि कोणते नाही?

इथे दोन पातळ्यांची तुलना करायची. टिटॅनियम डायऑक्साइडच्या वरच्या पट्ट्याची पातळी, हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत, पीएच ० ला साधारण उणे ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आसपास असते आणि पीएच एकने वाढला की ती ०.०५९ व्होल्टने आणखी ऋण होते. धातूचं क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याची त्याची ओढ व्होल्टमध्ये, याहून जितकं धन, तितकं काम सोपं.

सोनं (क्लोराइडसह अधिक १.० व्होल्ट), पॅलेडियम, पारा (अधिक ०.८५), चांदी (अधिक ०.८०) आणि आम्लातला डायक्रोमेट (अधिक १.३३) हे सहज होतात. तांबं (अधिक ०.३४) होतं, पण अटी घालून. निकेल (उणे ०.२६) आणि कॅडमियम (उणे ०.४०) यांच्यासाठी ओढच इतकी कमी उरते की कामाचं काही हाती लागत नाही. जस्त (उणे ०.७६) विसरा. गॅल्व्हनायझिंगच्या पाण्यातलं जस्त काढायला हा मार्ग नाही. पुडीवर चिकटेल तेवढंच.

शिशाची गंमत वेगळी आहे. ते बहुधा इलेक्ट्रॉन घेत नाही. ते होलला इलेक्ट्रॉन देतं आणि तपकिरी लेड डायऑक्साइड होऊन पुडीवर बसतं. म्हणजे धातू पाण्यातून गेला, पण ऑक्सिडीकरणाने. मँगनीजही असंच वागतं. पूड तपकिरी झाली म्हणून ‘धातू जमा झाला’ असं लिहू नये.

पाऱ्याबद्दल एक सूचना: त्याचं क्षपण झालं की धातुरूप पारा तयार होतो आणि त्याची वाफ हवेत जाते. उघड्या भांड्यात, वर्गात हा प्रयोग करू नका.

होलचं काय करायचं?

इलेक्ट्रॉन आणि होल परत एकत्र आले की दोघंही वाया जातात, फक्त थोडी उष्णता निघते. बहुतेक जोड्यांचं असंच होतं, आणि या पद्धतीची कार्यक्षमता कमी राहण्याचं हे मोठं कारण आहे. होलला कामाला लावलं तर इलेक्ट्रॉनला मोकळीक मिळते. होल पाण्याचं ऑक्सिडीकरण करू शकतो, पण ते सावकाश होतं. मिथेनॉल, इथेनॉल, फॉर्मिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल, सायट्रिक आम्ल, ईडीटीए यांपैकी काही घातलं तर होल ते पटकन खातो आणि धातूच्या क्षपणाचा वेग पुष्कळ वाढतो.

सायट्रिक आणि टार्टारिक आम्ल मला त्यातल्या त्यात आवडतात, कारण ती विषारी नाहीत आणि मिळतात सहज. पण त्यांच्याबरोबर एक सावधगिरी हवी. क्रोमियम-६ आणि अशी सेंद्रिय आम्लं प्रकाशात पुडीशिवायही काही प्रमाणात अभिक्रिया करतात. म्हणून ‘आम्ल आहे, प्रकाश आहे, पूड नाही’ असं एक भांडं शेजारी ठेवाच. नाहीतर आम्लाचं श्रेय पुडीला जातं.

हवेतल्या ऑक्सिजनने फरक पडतो का?

धातूवर अवलंबून. ऑक्सिजनलाही इलेक्ट्रॉन हवा असतो. चांदी आणि आम्लातलं क्रोमियम-६ त्याला भारी पडतात, उघड्या भांड्यात काम चालतं. तांबं हरतं. तांब्यासाठी नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन हाकलावा लागतो आणि सोबत सेंद्रिय आम्ल किंवा अल्कोहोल द्यावं लागतं. मग पांढरी पूड लालसर-जांभळी होते. झाकण उघडून हवा आत सोडली की रंग हळूहळू उतरतो, कारण तांबं पुन्हा आयन होऊन पाण्यात जातं. वर्गात दाखवायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

आमच्या क्रोम प्लेटिंगचं पिवळं पाणी गच्चीवर उन्हात ठेवून साफ होईल का?

याचं उत्तर आकड्यांत देतो, कारण नुसतं ‘हो’ म्हटलं तर पैसे वाया जातील आणि ‘नाही’ म्हटलं तर ते खोटं ठरेल.

समजा पाण्यात लिटरमागे १० मिलीग्राम क्रोमियम-६ आहे. क्रोमियमचा अणुभार ५२, प्रत्येक अणूला ३ इलेक्ट्रॉन लागतात. म्हणजे लिटरमागे सुमारे ०.५८ मिलीमोल इलेक्ट्रॉन. प्रकाशाच्या शंभर कणांपैकी एकच उपयोगी पडतो असं हिशेबापुरतं धरू. मग ५८ मिलीमोल प्रकाशकण लागतील. दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटरवर अतिनील प्रकाश साधारण ४० वॅट पडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.१२ मिलीमोल. भागाकार केला की एका लिटरला, एका चौरस मीटरवर, आठ मिनिटं.

वाचायला छान वाटतं. आता रोजचे १००० लिटर घ्या. त्याला एका चौरस मीटरवर १३१ तास लागतील. दिवसातले चांगल्या उन्हाचे पाच तास धरले तर २६ चौरस मीटरचं उथळ पात्र हवं. हे जमण्यासारखं आहे. पण पाण्यात १० ऐवजी २०० मिलीग्राम क्रोमियम असेल तर पात्र वीसपट, म्हणजे सव्वापाचशे चौरस मीटरचं लागेल. अंबडच्या शेडमध्ये एवढी जागा कोण देणार? शिवाय गडद पिवळं पाणी स्वतःच अतिनील प्रकाश खातं, त्यामुळे पुडीपर्यंत कमी पोचतो. आणि मूळ क्रोम बाथमध्ये तर लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असतं. त्याच्याजवळही ही पद्धत जाऊ शकत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. मुख्य पाण्यासाठी तुमची नेहमीची पद्धतच ठेवा: पीएच २ ते ३ ला आणून सोडियम मेटाबायसल्फाइट, मग चुना किंवा कॉस्टिकने पीएच ८ ते ८.५, मग स्लज (खाली बसलेला गाळ) वेगळा. एक ग्रॅम क्रोमियम-६ साठी हिशेबाने २.७ ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्त. स्वस्त आहे, मिनिटांत होतं, पावसाळ्यातही होतं. प्रकाशाची पद्धत शेवटच्या टप्प्याला शोभते: काही मिलीग्रामवरून खाली, नदीनाल्यात सोडण्याच्या ०.१ मिलीग्रामच्या मर्यादेच्या आत यायचं असेल तेव्हा.

त्याआधी रिन्सची, म्हणजे प्लेटिंगनंतर जॉब (प्लेट केलेली वस्तू) धुण्याची, पद्धत सुधारा. एका टाकीऐवजी दोन-तीन टाक्या ठेवून पाणी कामाच्या उलट दिशेने फिरवलं आणि जॉब बाथवर थोडा वेळ निथळू दिला, तर क्रोम बाथमध्येच राहतं. जे पाण्यात गेलंच नाही ते काढावं लागत नाही.

पिवळेपणा गेला. म्हणजे काम झालं ना?

नाही. रंग जाण्याची निदान तीन कारणं असू शकतात आणि त्यांतलं एकच तुम्हाला हवं आहे.

क्रोमियम-६ नुसतं पुडीवर चिकटलं असेल. पाणी स्वच्छ दिसेल, पण विष पुडीवर तसंच आहे. ते क्रोमियम-३ होऊन पाण्यातच असेल. तेव्हा क्रोमियम-६ ची मर्यादा पाळली गेली, एकूण क्रोमियमची कदाचित नाही. किंवा लिटरमागे दोन-चार मिलीग्रामच उरलं असेल आणि डोळ्याला दिसत नसेल. शेवटचं फार फसवं असतं. डोळा जिथे ‘पाणी’ म्हणतो तिथे कायदा अजून ‘विष’ म्हणत असतो.

म्हणून डायफेनिलकार्बाझाइडची चाचणी करा. आम्लधर्मी नमुन्यात ती क्रोमियम-६ शी जांभळा रंग देते आणि ५४० नॅनोमीटरला मोजता येते. सोबत एकूण क्रोमियम अणुशोषण वर्णपटमापीवर मोजून घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे क्रोमियम-३. आणि पूड सौम्य कॉस्टिकने धुऊन त्या धुवणावर पुन्हा जांभळी चाचणी करा. चिकटून राहिलेलं क्रोमेट तिथे सापडतं. हे तिन्ही आकडे मिळून सुरुवातीच्या क्रोमियमशी जुळले पाहिजेत. अडचण अशी की आम्लात नसलेल्या पाण्यात क्रोमियम-३ हायड्रॉक्साइड होऊन पुडीवर बसतं आणि हिशेबात येत नाही. तेव्हा पुडीचा थोडा भाग गरम आम्लात विरघळवून तेही मोजावं लागतं.

प्रत्येक प्रयोगात एक भांडं अंधारात हवंच. फॉइलमध्ये गुंडाळा. उजेडातल्या भांड्यातही पूड घातल्यावर अर्धा ते एक तास अंधारात ढवळून मग प्रकाश सोडा, म्हणजे अधिशोषण आधी स्थिरावतं आणि पुढचा बदल प्रकाशाचा आहे असं म्हणता येतं.

सराफी कामाच्या धुवणातली चांदी अशी काढता येईल?

चांदी नायट्रेटच्या रूपात असेल तर होय, अगदी सहज. पूड उन्हात आधी तपकिरी, मग राखाडी-काळी होते. चार चांदीच्या आयनांमागे चार हायड्रोजन आयन तयार होतात, म्हणून पीएच उतरतो. तो मोजत राहिलात तर अभिक्रिया चालू आहे की थांबली हे कळतं. जमलेली चांदी पुढे नायट्रिक आम्लात विरघळवून घेता येते.

दोन अडथळे आहेत. बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने चांदीचं क्लोराइड होतं, पांढरं, दह्यासारखं, आणि ते खाली बसतं. तेही प्रकाशात काळवंडतं, पण तो वेगळा मामला आहे. चांदी काढायचीच असेल तर हे क्लोराइड मुद्दाम पाडून गाळणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे.

दुसरा अडथळा जिवावरचा आहे. चांदी-सोन्याच्या प्लेटिंगचं पाणी बऱ्याचदा सायनाइडचं असतं. त्यात आम्ल घालू नका. एक थेंबही नाही. हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि तो माणूस मारतो. या लेखात जिथे जिथे ‘पीएच २-३ करा’ लिहिलं आहे ते सायनाइड असलेल्या पाण्याला लागू नाही. सायनाइडमध्ये बांधलेल्या चांदीचं क्षपण विभव उणे ०.३१ व्होल्टपर्यंत घसरतं, त्यामुळे ती सहज सुटतही नाही. सायनाइडचं स्वतःचं ऑक्सिडीकरण याच पुडीवर अल्कधर्मी पाण्यात होतं, फ्रँक आणि बार्ड यांनी ते १९७७ मध्ये दाखवलं. पण कारखान्यात आधी अल्कधर्मी क्लोरीनीकरण, मग बाकी सगळं.

एक्स-रे फिल्मच्या हायपोमधली (फिल्म पक्की करण्याच्या द्रावणातली) चांदी थायोसल्फेटने घट्ट धरलेली असते. तिथे साधं इलेक्ट्रोलिसिस बरं.

द्राक्षबागेत बोर्डो फवारतो. पंप आणि टाकी धुतलेल्या पाण्यातलं तांबं उन्हाने काढता येईल का?

गरजच नाही. एक टक्का बोर्डोत १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना असतो. चुन्यामुळे तांबं जवळजवळ सगळं निळसर गाळाच्या रूपात असतं, मोकळ्या आयनाच्या नाही. धुवण एका ड्रममध्ये साठवा, कमी वाटला तर चुना घाला, दोन दिवस स्थिर ठेवा. वरचं पाणी निवळतं, तांबं खाली बसतं. तो गाळ पुढच्या फवारणीच्या टाकीत नको (नोझल तुंबतात), आणि ओहोळात तर मुळीच नको. तांबं माशांना आणि शेवाळाला फार कमी प्रमाणातही घातक आहे, आणि छाटणीनंतर केवडा रोग आला की सगळ्यांच्या फवारण्या एकाच सुमारास होतात.

कोणती पूड घ्यावी? रंगाच्या दुकानातली चालेल?

चालणार नाही. रंगासाठीचं टिटॅनियम डायऑक्साइड बहुधा रुटाइल या स्फटिकप्रकारचं असतं आणि त्याच्या कणांवर ॲल्युमिना-सिलिकाचा लेप देतात. तसं केलं नाही तर उन्हात ते रंगातलं बंधकच खाऊन टाकेल आणि भिंतीची पावडर होईल. म्हणजे आपल्याला हवा तो गुण त्यांनी मुद्दाम बंद केलेला असतो.

ॲनाटेज या दुसऱ्या स्फटिकप्रकारचं, बिनलेपाचं घ्या. किंवा पी-२५, ज्यात ॲनाटेज आणि रुटाइल साधारण ८० : २० असतात. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम बस होतं. त्याहून जास्त घातलं तर पाणी दुधासारखं होऊन प्रकाश वरच्या थरातच अडतो.

झिंक ऑक्साइड स्वस्त आहे आणि अतिनील प्रकाशात चांगलं चालतं, पण आम्लात विरघळतं. म्हणजे क्रोमसाठी बाद.

घरचा एलईडी बल्ब चालेल का? आणि पावसाळ्यात काय?

ॲनाटेजला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश. घरच्या पांढऱ्या एलईडीत तो जवळपास नसतो. ३६५ नॅनोमीटरचे अतिनील एलईडी घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. उन्हातला अतिनील भाग एकूण ऊर्जेच्या ४-५ टक्केच आहे. नाशिकच्या फेब्रुवारी-मेच्या उन्हात तो भरपूर, जुलै-ऑगस्टच्या झडीत बेभरवशाचा.

भांडं कशाचं आहे हेही बघा. बोरोसिलिकेट काच उत्तम, साधी पातळ काच चालते. पॉलिकार्बोनेटचा पत्रा अतिनील प्रकाश अडवतो. पॉलिहाऊसचा प्लॅस्टिक कागद टिकावा म्हणून त्यात अतिनील शोषक घातलेले असतात. त्याखाली पात्र ठेवून प्रयोग करणारा पुडीलाच दोष देत बसतो.

दृश्य प्रकाशावर चालणारं काही नाही का?

आहे. कॅडमियम सल्फाइड (२.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट), बिस्मथ व्हॅनेडेट (सुमारे २.४), कार्बन नायट्राइड (२.७). कॅडमियम सल्फाइड प्रकाशात स्वतःच झिजतं आणि कॅडमियम पाण्यात सोडतं. क्रोमियम काढायला कॅडमियम घालणं मला मान्य नाही, शोधनिबंधातला आलेख कितीही देखणा असो. कार्बन नायट्राइड युरिया किंवा मेलामाइन भट्टीत तापवून करता येतं, महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होण्यासारखं आहे, आणि त्यात धातूच नाही. मी विद्यार्थ्यांना तेच सुचवतो.

ऊर्ध्वपातित पाण्यात जमतं, बोअरच्या पाण्यात जमत नाही. असं का?

आपल्या बेसाल्टच्या बोअरचं पाणी कठीण असतं: कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट. बायकार्बोनेट तुम्ही घातलेलं आम्ल खातं, त्यामुळे पीएच वाटतो तितका उतरत नाही. सल्फेट क्रोमेटशी जागेसाठी भांडतं, आणि प्लेटिंगच्या पाण्यात ते मुळातच असतं. फॉस्फेट तर त्याहून घट्ट बसतं. पद्धत खरी पारखायची असेल तर शेवटचे प्रयोग कारखान्याच्या खऱ्या पाण्यावर करा.

वापरलेली पूड गाळायची कशी? परत वापरता येते?

पी-२५ इतकी बारीक असते की साध्या गाळणकागदातून जाते. ०.४५ मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक पटल-गाळ लागतो. सोपी युक्ती: काम झाल्यावर पीएच ६ च्या आसपास आणा. भार शून्याजवळ गेला की कण एकमेकांना लोटत नाहीत, गोळा होऊन बसतात. मोठ्या कामाला काचेच्या पट्टीवर लेप देणं सोयीचं; वेग कमी होतो, पण गाळण्याची कटकट संपते.

क्रोमियम-३ च्या थराने हिरवट झालेली पूड सौम्य आम्लाने धुतली की बरीचशी ताजी होते. थोडी चांदी बसलेली पूड उलट जास्त चांगली चालते, कारण चांदी इलेक्ट्रॉन धरून ठेवते आणि होलपासून लांब नेते. चांदी जास्त झाली की सावली पडते आणि वेग घसरतो.

मग ही पूड नासर्डीत किंवा थेट गोदावरीत टाकून पाणी शुद्ध का करत नाही?

हा प्रश्न कळकळीने विचारला जातो, म्हणून स्पष्ट सांगतो: करू नका. वाहत्या गढूळ पाण्यात प्रकाश काही सेंटीमीटरही जात नाही. नदीचा पीएच ७ ते ८.५ असतो, जिथे क्रोमेट पुडीवर बसत नाही. पूड गोळा करता येणार नाही, आणि तिच्यावर जे काही चिकटलं असेल ते पुढे गाळात साठेल. रामकुंडात उतरणाऱ्या माणसाला स्वच्छ पाणी द्यायचं तर धातू कारखान्याच्या भिंतीच्या आतच थांबवला पाहिजे. नदीत मिसळल्यावर तो काढण्याचा स्वस्त उपाय कुणाकडेही नाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सुरुवात कशी करू?

लिटरला २८.३ मिलीग्राम पोटॅशियम डायक्रोमेट घ्या. क्रोमियम-६ नेमकं १० मिलीग्राम होतं. पीएच २, ३, ५, ७. पूड अर्धा ग्रॅम. प्रत्येक पीएचला चार भांडी: अंधारात पूड, उजेडात पूड, उजेडात पूड आणि सायट्रिक आम्ल, उजेडात फक्त सायट्रिक आम्ल. दर दहा मिनिटांनी नमुना, गाळून लगेच चाचणी. हातमोजे आणि मास्क हवेतच. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे आणि बारीक पूड श्वासात जाऊ नये. आलेखात अंधारातला भाग वेगळा दाखवा. नावीन्यपूर्ण पदार्थ बनवण्याआधी हे एवढं नीट केलेला प्रकल्प मला जास्त मोलाचा वाटतो.

उरलेल्या स्लजचं काय? वीटभट्टीवाले घेतो म्हणतात.

देऊ नका. क्रोमियम-३ चा गाळ चुन्यासह हवेत तापला की त्याचं परत क्रोमेट होतं. इतकी मेहनत करून केलेलं क्षपण भट्टी उलटं फिरवते, आणि मग ते विटेतून, राखेतून पावसाच्या पाण्यात उतरतं. गाळाजवळ ब्लीचिंग पावडरही ठेवू नका. अल्कधर्मी ओलाव्यात तीही क्रोमियम-३ चं क्रोमियम-६ करू शकते. वापरलेली पूड आणि स्लज दोन्ही घातक कचऱ्यात मोडतात. कोरडे करून, झाकणाच्या ड्रममध्ये, नाव आणि तारीख लिहून छपराखाली ठेवायचे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या विल्हेवाट केंद्राकडे नोंदीसह पाठवायचे. लहान युनिटला एकट्याने गाडी परवडत नसेल तर शेजारच्या दोन-चार युनिटांनी मिळून पाठवता येईल का, हे त्या केंद्राला आणि मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला आधी विचारून घ्या. नोंद मात्र प्रत्येकाची स्वतंत्र हवी.